अवर्गीकृत (१)

ज्या संस्थेला आपल्या माणसांचे प्रकार पाडता येत नाहीत, तिला प्रगत म्हणता येत नाही. आमची शाळा २००९ साली प्रगत झाली. शाळेची वेबसाइट निघाली आणि ती उभारायचं काम नववीतल्या एकमेव तज्ज्ञ व्यक्तीकडे, म्हणजे कु. स्वप्नाली मगदूम हिच्याकडे, आलं. म्हणजे माझ्याकडेच. (कॉम्प्युटरचा कोर्स तीन महिन्यांचा होता. मी दोनच महिने गेले.)

वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीत 'लेख' हा एकच तयार प्रकार मिळतो. माणसांना लेखात कोंबणं मला बरं वाटेना, म्हणून मी 'मानकरी' असा स्वतंत्र प्रकार बनवला. मग त्यांचे वर्ग पाडायला घेतले. मुख्याध्यापक चौगुले सरांनी बजावलं, "कोण नाराज होता कामा न्हाय. फ्लेक्सवर फोटू बारका आला तरी माणसं वर्षभर बोलत न्हाईत."

तेव्हा कुणी कुणाच्या खाली येऊ नये म्हणून मी प्रत्येकाला स्वतंत्र वर्ग दिला. माजी अध्यक्ष. माजी अध्यक्षांच्या आधीचे अध्यक्ष. पंखे देणारे (विजयसिंह इंगवले, पंखे दोन, पैकी फिरणारा एक). कुस्तीची मॅट देणारे. कुस्तीची मॅट देणार आहेत असे. एकूण मानकरी त्रेचाळीस, वर्ग त्रेचाळीस. समता याच्या पुढे जाऊ शकत नाही.

शुक्रवारी मला धोंडुबाई मावशींनी गाठलं. एकतीस वर्षं शाळेची घंटा त्यांनीच दिली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वेबसाइटचं उद्घाटन होतं आणि त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवसही.

"पोरी, त्येच्यात माझा फोटू दिसंल न्हवं? लेक बेळगावात हाय, तिथनं बघीन म्हणलीया."

"दिसणार की, मावशी! सगळ्यांच्या आधी!" (मी असं बोलून जाते. कोर्सचा परिणाम असावा.)

येऊन बघते तर घंटेला वर्गच नाही. चव्वेचाळिसावा वर्ग काढायला समितीची मंजुरी लागते, आणि समिती म्हणजे तेच त्रेचाळीस. मग मी मावशींना गुपचूप साध्या 'लेखा'त टाकलं. आपण वर्ग निवडला नाही की प्रणाली स्वतःच 'अवर्गीकृत' असं लिहून टाकते. (प्रणाली परदेशी आहे, पण आपल्याकडची पद्धत तिला ठाऊक दिसते.)

शनिवारी त्रेचाळीस फेटे पडद्यासमोर बसले. मी बटण दाबलं. प्रणालीने सगळे वर्ग शोधले आणि यादी आणली. यादीत ओळ एकच: अवर्गीकृत (१). तीही दाबली. भिंतभर धोंडुबाई मावशी उमटल्या, हातात हातोडी, मागे घंटा.

"आमचं कुठं हाय ओ?" इंगवले साहेबांनी विचारलं.

"तांत्रिक अडचण," मी म्हणाले. (या शब्दांना अर्थ नाही, त्यामुळे ते खोडून काढता येत नाहीत.)

मागच्या दारातून आवाज आला, "आगं बया! एवढी मोठी मी?"

अडचण अशी होती की वर्ग मागताना ते कुठल्या प्रकाराचे हवेत हे सांगावं लागतं. न सांगितल्यास प्रणाली साध्या लेखांचेच आणून देते. एका ओळीचं काम. तिसऱ्या महिन्यात शिकवतात म्हणे. मला शोधायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मावशींच्या पानाला तीनशे बारा भेटी झाल्या. दुरुस्तीनंतर त्रेचाळीस वर्ग झळकले. भेटी प्रत्येकी एक. (ज्याची त्याने.) यादीतून 'अवर्गीकृत' मात्र गेलं.

दोन दिवसांनी शाळेत फोन आला. बेळगावहून. "आईचं पान कुठं गेलं?"

मी समितीला न विचारता चव्वेचाळिसावा वर्ग काढला. 'मानकरी'च्या अर्जात आडनावाचा रकाना सोडता येत नाही. तो मीच तसा केला होता. मी चौगुले सरांना विचारलं. "धोंडुबाई की!" म्हणाले. अकरा शिक्षकांना विचारलं. मी स्वतः पाच वर्षं त्यांच्या घंटेवर धावतेय, मलाही माहीत नव्हतं. शेवटी बेळगावला फोन लावून त्यांच्या लेकीलाच विचारलं.

आता ते पानावर आहे. इथे मुद्दामच लिहीत नाही. चौगुले, इंगवले, मगदूम हे सगळे तुमच्या लक्षात राहिले असतील. आणि त्या एका आडनावावाचून इथवर वाचताना तुमचंही कुठे अडलं नाही.