खोटा काटा

साखराबाईंना बसल्या जागेवरून उठणं जड जाऊ लागलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. एकेकाळी दोन घागरी डोक्यावर आणि तिसरी कमरेवर घेऊन विहिरीची चढण चढणारी ही बाई. आता कणीक मळताना मध्येच दोनदा टेकायची. हाडं ठणकत. मुतखडा दोनदा होऊन गेला. घरात नवरा वैजनाथराव, मुलगा श्रीमंत आणि सून वर्षाराणी. तिघांचं एकच म्हणणं, वय झालं, अन् थोडा आळस. साखराबाईंना फार काही नको होतं. ही बाई खरंच आजारी आहे, हिला जरा पडू द्या, एवढं कुणीतरी म्हणावं.

शेवटी अहमदपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात कॅल्शियम जास्त निघालं. वैजनाथराव अडतीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल तोलणारे मापाडी होते. हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि निकाल दिला, "लॅबवाल्याचा काटा खोटा हाय."

मोंढ्यात वजनावरून वाद झाला की माल दुसऱ्या काट्यावर चढवायची रीत. तीच त्यांनी बायकोला लावली. एसटीनं लातूर गाठलं. तिथं आकडा किंचित कमी आला, म्हणून हुरूप येऊन तिसऱ्या काट्यासाठी नांदेड. तिथं दोन्हींच्या मधला आला. साखराबाईंचा डावा हात सुईनं निळा पडला, तेव्हा त्यांनी उजवा पुढं केला. हदगावला आपल्या वळखीचा एक लॅबवाला आहे, असं वैजनाथराव म्हणाले, तेव्हा मात्र त्या नांदेडच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसल्या त्या उठेनातच.

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय का?"

मग नाइलाजानं ऑटो केला आणि नांदेडच्याच लॅबवाल्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेल्या डॉक्टर उमैमांकडं गेले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, आणखी एक तपासणी करून घेतली आणि म्हणाल्या, "काका, तिन्ही काटे बरोबर आहेत. खोटा काटा मावशींच्या गळ्यात आहे."

गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, असं त्यांनी समजावलं. रक्तातलं कॅल्शियम जोखायचं, कमी पडलं तर हाडांतून काढायचं आणि पुरेसं असलं की गप्प बसायचं, हे त्यांचं काम. मावशींची एक ग्रंथी फुगून शेंगदाण्याएवढी झाली आहे आणि तिला भरलेलं पोतंही अपुरंच दिसतं. म्हणून ती हाडं पोखरून रक्तात भर घालत राहते. खडे त्यातूनच झाले, थकवाही त्यातलाच. आळसाचा इथं काही संबंध नाही.

शेवटचं वाक्य साखराबाईंनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

"मापाडीच बिघडला म्हणा की," वैजनाथराव हळूच म्हणाले. "दुरुस्त न्हाई का होत?"

"काढून टाकलेलाच बरा, काका."

मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा वैजनाथरावांनाही असंच घरी बसवलं होतं. त्यांनी मान खाली घालून ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या, तसे वैजनाथराव पुन्हा चक्रावले. जास्त झालं म्हणून कापलं, अन् आता वरून गोळ्या?

"ती एकटीच सगळं काम ओढत होती ना," डॉक्टर म्हणाल्या, "त्यामुळं बाकीच्या तीन झोपून गेल्यात. जाग्या व्हायला थोडे दिवस लागतील."

साखराबाईंनी खाटेभोवती पाहिलं. वैजनाथराव, श्रीमंत आणि वर्षाराणी, तिघंही उभी होती. कपड्यांची पिशवी कुणी उचलायची, हे अजून ठरत नव्हतं.

त्यांनी डॉक्टरांना खुणेनं जवळ बोलावलं.

"डॉक्टरीणबाई, कागदावर तीन महिने आराम लिवा. आमच्याकडच्या तिघांची झोप लई जड हाय."