दुपारच्या फेरीतली झोप

पहिल्याच रात्री मशीनने नवऱ्याच्या नाकात पाणी सोडलं.

तो धडपडत उठून बसला, तोंडावरचा मास्क ओरबाडून काढला आणि ओरडला, "ब्रेक लागत नाहीये! तलावात चाललो!" तिने दिवा लावला. बस कुठेच चालली नव्हती. नवरा पलंगावरच होता, त्याच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं आणि उशाशेजारच्या टेबलावर ते नवं मशीन, आपला काही संबंध नसल्यासारखं, सूं सूं करत हवा फुंकत होतं.

"अहो, तलाव नाही. तुमचंच नाक आहे," ती म्हणाली आणि टॉवेल पुढे केला.

नवरा शहरबसचा ड्रायव्हर होता. ती घरीच, तोंडात टाचण्या धरून, कपडे शिवायची. गल्लीत सगळे तिला टेलरताई म्हणत. नवऱ्याचं घोरणं हा त्यांच्या संसारातला जुना पाहुणा. ती त्याच्यावरून टोमणे मारायची, तो हसायचा, आणि विषय तिथेच संपायचा. पण मध्यंतरी एकदा शेवटच्या थांब्यावर गाडी उभी करून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून असा झोपला, की डोक्याखालचा हॉर्न वाजत राहिला तरी उठेना. डेपोने त्याला तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून माणसाला जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. त्याला वाटतं आपण झोपलो, पण झोप अशी होतच नाही. उपाय एकच, हे मशीन. नळीतून दाबाने हवा येते आणि घसा उघडा धरते. सोबत पाण्याची एक छोटी टाकी, खालून तापणारी, म्हणजे नाक कोरडं पडू नये.

डेपोच्या मोठ्या साहेबांना सगळे ड्रायव्हर पाठीमागे 'हँडब्रेक' म्हणत. त्यांनी अट घातली होती. "महिनाभर रोज निदान चार तास मशीन लावायचं. लावलं की नाही ते मशीनच दवाखान्याला कळवतं, आणि दवाखाना मला कळवेल. जमलं तर गाडी तुमच्याकडेच राहील. नाही जमलं तर स्टोअररूम."

"तिथे नट वेगळे आणि बोल्ट वेगळे करत बसायचं," नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. "खिडकीसुद्धा नाही गं." भिंतीएवढ्या काचेतून जग बघत आलेला माणूस तो. त्याला खिडकी नसलेली खोली म्हणजे शिक्षाच.

सकाळी तिने दवाखान्यातल्या मशीनवाल्या मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्या मशीनने माणूस बुडवायचा घाट घातलाय."

"गळत नाहीये ते, काकू. टाकीतून गरम, ओली हवा निघते आणि नळी असते गार. वाटेतच वाफेचं पाणी होतं."

"म्हणजे पातेल्यावरच्या झाकणासारखं."

"अगदी तस्संच! मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी उलटं टाकीत जाईल. आणि नळीला काहीतरी गुंडाळा."

'काहीतरी गुंडाळा' हे शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगायचं नसतं. तिने नळीचं माप घेतलं, शाळकरी मुलांच्या गणवेशातून उरलेलं निळ्या चौकड्यांचं जाड कापड काढलं आणि नळीला एक लांबलचक बाही शिवली. दोन्ही टोकांना इलॅस्टिक, आणि धुवायला काढता यावी म्हणून कडेने चेन. टाकीत तिने इस्त्रीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घातलं. साध्या पाण्याने इस्त्रीच्या भोकांत खडे धरतात, मग इथे का धरणार नाहीत, असा तिचा हिशोब. घरात शिलाईचं एक मशीन आधीच असल्यामुळे या नव्या मशीनचं नाव 'फुंकणी' पडलं.

नवऱ्याने बाही निरखून बघितली. "झकास. आता दुसरी बाही आणि कॉलर कधी?"

"आधी ही एक अंगाला लागू द्या."

पाणी थांबलं ते थांबलंच. पण आता दुसरी भानगड सुरू झाली. सकाळी बघावं तर मास्क जमिनीवर, आणि फुंकणीच्या पडद्यावरचा आकडा चाराच्या आत.

"तुम्हीच काढलात."

"मी? मी झोपलो होतो."

"मग काय तो आपणहून उतरून पाणी प्यायला गेला?"

"गेला असेल. तुझ्या बाहीने त्याला उकडत असेल."

तिने मास्कच्या पट्ट्यांना मऊ मखमल लावून दिली, कानामागे काचतं तिथे सैल केलं. तरी सकाळी मास्क जमिनीवरच. असे दिवस जात राहिले. एकदा गणवेशाची बटणं लावता लावता नवऱ्याने विचारलं, "स्टोअरवाल्यांचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो का गं?" विचारलं हसतच, पण ते हसू बटण काजात अडकावं तसं मध्येच अडकलं होतं.

त्या दिवशी दुपारी ती पलंगावर बसून पडद्याची किनार दुमडत होती. नवरा जेवणानंतरच्या फेरीवर होता. फुंकणी खालच्या स्टुलावर गप्प बसली होती. ती तिच्याकडे बघत राहिली. हिला डोळे कुठायत? हिला कळतं ते एवढंच, की हवा जातेय आणि येतेय. पंखा कुणी लावला हे विजेचं मीटर विचारतं का? मग नाक कुणाचं हे ही कशाला विचारेल?

मशीन तास मोजतं हे तिला माहीत होतं. ते तास दिवसातल्या कुठल्या वेळचे, हेही ते टिपून ठेवतं, हे मात्र तिच्या गावीही नव्हतं.

"दहा मिनिटं बघू," ती स्वतःशी म्हणाली. मास्क साबणाने धुतला, पुसला, पट्ट्या आवळल्या आणि पडदा पुन्हा मांडीवर घेतला. नाकात कोमट, ओलसर हवा येऊ लागली. एक टाका घातला. दुसरा घातला बहुतेक.

जाग आली तेव्हा सुई बोटांतच होती आणि भिंतीवरचं ऊन निघून गेलं होतं. पडदेवाल्या बाई दार बडवून बडवून परत गेल्या होत्या. पण डोकं! डोक्यातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा कुणीतरी पुसून ठेवल्या होत्या जणू. त्या संध्याकाळी तिने सगळ्या शर्टांच्या कॉलरी लावल्या आणि एकही उसवावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशीही तिने मास्क लावला. तिसऱ्या दिवशीही. "यांच्या नोकरीसाठी," पट्ट्या आवळताना ती स्वतःला बजावायची. नवऱ्याच्या नोकरीसाठी कुणी इतक्या लगबगीने जेवण उरकत नाही, हे तिलाही कळत होतं. पण ते तिने स्वतःला विचारलं नाही.

नवरा आकडा बघून चाट पडला. "अगं, सहाच्या वर! मी एवढा कधी झोपलो?"

"गुण येतोय हळूहळू," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली.

आणि मग एका दुपारी, जेवण आटोपून ती मास्क हातात घेते न घेते तोच दार वाजलं. दारात नवरा. डोक्यावरची टोपी हातात आलेली. तिने मास्क घाईघाईने उशीखाली सारला. तो आत आला आणि पलंगाच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला.

"गाडी काढून घेतली," तो म्हणाला.

"का? तास तर भरले की!"

"जास्तच भरले. दवाखान्यातून निरोप आलाय. रोज दुपारी, जेवणानंतरच्या फेरीत, मी गाढ झोपलेला असतो."

तिने उशी मास्कवर आणखी पुढे ओढली.

"आणि घोरतोही," तो म्हणाला.

"असं कसं होईल?"

"मीही तेच म्हटलं. पण मशीन कशाला खोटं बोलेल? आता आठवतंय मला. गावच्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावरून गाडी कशी काढली ते कधीकधी लक्षातच नसतं. परवा एक आजी उतरताना म्हणाल्या, 'किती छान चालवता हो, पोटातलं पाणी हललं नाही.' मला वाटलं कौतुक करतायत. मी झोपलो असेन गं."

तिला सगळं सांगायचं होतं, पण तोंडात टाचण्या धरल्यासारखे शब्द ओठांतच राहिले. तेवढ्यात त्याने छातीवरचा बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि म्हणाला, "हा मीच नेऊन देतो. कुणी मागण्याआधी. मागे माणसं बसलेली असतात."

ती उठली. "चला."

"कुठे?"

"डेपोत. बूट काढू नका."

हँडब्रेक साहेबांच्या खोलीत मशीनवाली मुलगी आधीच लॅपटॉप उघडून बसली होती. खिडकीबाहेर दोन-तीन कंडक्टर काहीही काम नसल्याचं काम करत उभे होते. नवऱ्याने रुमालात गुंडाळलेला बिल्ला टेबलावर ठेवला.

"ड्रायव्हर, मला एकच सांगा," साहेब म्हणाले. "बसमध्ये तुम्ही ते मशीन लावता कुठे?"

"साहेब, बसमध्ये प्लग नाही."

"मग?"

"मग तेच तर मलाही कळत नाहीये."

"साहेब, एक गंमत आहे," मुलगी म्हणाली. "हे मशीन घशाला लागेल तेवढाच दाब देतं. रात्री काकांचं थोडक्यात भागतं. दुपारी मात्र बिचाऱ्याला पार जोर लावावा लागतो. मला तर हे दोन वेगळे घसे वाटतात. दुपारचा जो कोणी आहे, तो काकांपेक्षा जबरदस्त आहे."

"दुसरा घसा माझा," ती म्हणाली.

मुलीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"यांचे तास भरत नव्हते. म्हटलं, नाक कुणाचं हे मशीनला काय कळतंय? यांना यातलं काही माहीत नाही. हे दुपारी गाडीच चालवत होते, साहेब. जागेपणी."

मुलीला रागवावं की हसावं कळेना. "काकू, दुसऱ्याच्या मापाचं मशीन असं लावतात का? तुम्ही एकाच्या मापाचा शर्ट दुसऱ्याला द्याल?"

"नाही देणार," तिने कबूल केलं. "चुकलंच माझं. पण ते जबरदस्त-बिबरदस्त काढून टाक बाई. मी घोरत नाही. विचार यांना."

सगळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईने वाचत होता.

"अहो!"

"थोडंसं," तो म्हणाला.

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे भरलेली गाडी चढाला लागते ना, तसं."

खिडकीबाहेर एका कंडक्टरला खोकला आला.

"कधीपासून?"

"लेक झाली तेव्हापासून."

लेक आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. "आणि एवढी वर्षं मी तुम्हाला टोमणे मारत राहिले, ते तुम्ही ऐकून घेतलेत?"

"दिवसभर मान मोडून शिवतेस. झोपतेस तेवढीच सुटका. उठवून काय सांगायचं, घोरतेस म्हणून?" तो टोपी फिरवत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण डॉक्टरांनी मला श्वास थांबण्याचं सांगितलं ना, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुझाही थांबतो. घोरता घोरता एकदम गप्प होतेस. मास्क लावला की त्या सूं सूंमध्ये मला तुझं ऐकू येत नाही. म्हणून काढतो. कान देऊन पडतो. गप्प झालीस की कुशीवर वळवतो. परत लावीन म्हणतो, पण तेवढ्यात झोप लागते."

यावरही ती भांडलीच. "म्हणजे मास्क तुम्हीच काढत होता! आणि वर म्हणायचं, 'मी झोपलो होतो'! मला सांगता आलं नाही?"

"माझा हा महिना निघाला की सांगणारच होतो. म्हटलं, एका वेळी एकाच नाकाचं बघू."

हँडब्रेक साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "महिना आजपासून नव्याने मोजायचा. तोवर आवारातल्या गाड्या लावायचं-काढायचं काम. स्टोअररूम नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि टेलरताई, आधी तुमची तपासणी. हा हुकूम आहे." असं म्हणून त्यांनी रुमालातला बिल्ला स्वतःच सोडवून नवऱ्याच्या हातात दिला. त्यांचा हँडब्रेक सुटलेला डेपोने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तिची तपासणी झाली, तिच्या मापाचं मशीन आलं, पलंगाच्या दुसऱ्या बाजूलाही एक स्टूल आलं. कान देऊन ऐकण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, त्यामुळे नवऱ्याचा मास्क सकाळपर्यंत जागचा हलेना. महिना सरला तसा त्याला त्याचा रस्ता परत मिळाला.

राहिली ती तिच्या नळीची बाही. गिऱ्हाइकांच्या शर्टांपुढे स्वतःचं शिवायला टेलरबाईला कधी वेळ असतो? नाकावर थेंब पडला की ती नळी झटकायची आणि 'उद्या शिवते' म्हणायची. एका सुट्टीच्या दिवशी ती बाजारातून आली तर शिलाई मशीनवर नवरा बसलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत. समोर त्याच्या जुन्या गणवेशाच्या विजारीचा एक अख्खा पाय कापून ठेवलेला. त्याने ताठ मानेने तयार बाही तिच्या हातात दिली.

तिने ती उजेडात धरली. टाका कुठे लांब, कुठे आखूड. शिवण एकदा डावीकडे गेलेली, मग घाबरून उजवीकडे आलेली. मध्येच एक खिसा. सवयीने तिचा हात उसवायच्या सुरीकडे गेला.

"शिवण वाकडी आलीय," ती म्हणाली.

"रस्त्याला वळणं होती."

"आणि हा खिसा?"

"राहू दिला. तुझ्या टाचण्या ठेवायला. झोपताना त्या कायम तोंडातच राहतात."

तिने सुरी उचलली, ड्रॉवरमध्ये पार आत ठेवून दिली आणि बाही नळीवर चढवायला घेतली.