धाकट्या गाडीच्या अधिक तेलाची बखर

श्री. चाकांस गती आणि ब्रेकांस बळ देणारी आदिमाया या राज्यावर प्रसन्न असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचे प्रातःकाळी सरकारी गाडीखान्यात मोजदाद जाहली ती येणेप्रमाणे: मोटारी पाच, पैकी चालत्या तीन, विटांवर उभ्या दोन, ट्रॅक्टर एक, जॅक दोन, झेंडूच्या माळा सहा, पैकी साध्या पाच आणि कलाबतू गुंफलेली एक. ती एक कोणत्या गाडीस पडावी, येथून सर्व कलह.

पूर्वी ती माळ थोरल्या सूनबाई द्वारकाबाईसाहेब यांचे गाडीस पडे आणि दसऱ्याचे स्वारीत तीच गाडी आघाडीस चाले, आणि बाईसाहेब स्वतः क्लच दाबीत, गिअर बदलीत पेठेतून ऐशा निघत की रस्त्यातील कुत्रेही उठून वाट देई. यंदा धाकट्या सूनबाई मैनावतीसाहेब यांचे नावे आपोआप गिअर बदलणारी नवी गाडी आली, आणि माळ तिकडे गेली, आघाडीही तिकडे गेली. द्वारकाबाईसाहेब मुखाने म्हणाल्या की बरे झाले, पोरीची हौस होईल. आणि अन्न गोड लागेना. जिचा डावा पाय गाडीत नुसता निजून राहतो, तिने गाडी हाकली ऐसे कोणी म्हणावे?

मग दारोगा सुभानजी आपट्याची पाने आणावयास गेले असता बाईसाहेब एकट्याच गाडीखान्यात शिरल्या. धाकटीचे गाडीत काही तरी उणे सापडावे ऐसी फार इच्छा. गाडी थंड, इंजिन बंद. आपले गाडीचे इंजिनाचे तेल त्या नित्य ऐसेच पाहत, म्हणून हिच्या गिअरबॉक्सची तेल मापावयाची काडीही तैसीच ओढिली, पुसली आणि पुन्हा बुडवून काढिली. तेल लाल, स्वच्छ, जळका वास नाही; आणि वरच्या खुणेच्याही बोटभर वर. बाईसाहेबांचे काळजास घरे पडली. आमचे गाडीस वर्षानुवर्षे खुणेपुरते आणि हिला बोटभर अधिक! माळ गेली, आघाडी गेली, आता तेलातही उजवे-डावे! मग रंगपंचमीची पितळी पिचकारी काढिली, तीस रबरी नळी जोडिली आणि काडीचे वाटेने तेल उपसून चांदीच्या गडव्यात भरिले, ते काडीवर खुणेस बरोबर येईतो. आपला वाटा आपणास पोहोचला ऐसे मानून गडवा पदराआड महाली नेला आणि दुपारी दोन घास अधिक जेविल्या.

दुसरे दिवशी स्वारीचे वेळी मैनावतीसाहेब कलाबतूची माळ आणि किल्ली घेऊन थोरलीपुढे उभ्या राहिल्या आणि हळूच बोलिल्या, "जाऊबाई, क्लचने आपला डावा गुडघा सुजतो. आपण लपविता, पण जिना उतरताना मला दिसते. ही गाडी मामंजींपाशी मी आपल्यासाठीच मागितली. आपले नाव सांगितले असते तर आपण घेतलीच नसती. आघाडीस आपण बसावे. आपली जुनी घेऊन मी मागून येते. बंद पडली तर हसू नये."

द्वारकाबाईसाहेबांनी किल्ली घेतली. इतक्यात सुभानजी आडवे आले, की तेल पाहिल्यावाचून आघाडीची गाडी निघत नाही.

"काल पाहिले मी," बाईसाहेब म्हणाल्या. "बरोबर आहे."

"इंजिन चालू ठेवून?"

"बंद ठेवून. जैसे पाहतात तैसे."

सुभानजी म्हणाले की या गाडीचे तैसे नाही. इंजिन थांबले की वर खेळणारे तेल खाली उतरते आणि काडीवर अधिक दिसते, खरे माप ऊन आणि चालत्या इंजिनाचे. मग त्यांनी गाडी ओढ्यापर्यंत नेऊन आणून तापविली आणि सपाट जागी उभी केली, आणि ब्रेक दाबून दांडा एकेक गिअरातून फिरवून पार्कात आणिला, आणि इंजिन चालू ठेवूनच काडी ओढिली, पुसली, बुडविली, पुन्हा काढिली. बाहेर ताशे वाजत होते. सर्वांची दृष्टी काडीवर, थोरल्या बाईसाहेबांची जमिनीवर.

तात्पर्य, स्वारी खोळंबली. काडीवर तेल खालच्या खुणेखाली एक बोट. महाली चांदीच्या गडव्यात पाऊण शेर.