पहिल्या डावाचा इन्साफ

आमच्या वसमतच्या करीमचाचांकडे गादी भरायला टाकली, तर ती लग्नाआधी मिळेल की बारशाआधी, हे सांगता येत नाही. कारण गिऱ्हाईक दुकानात शिरलं की चाचा कापूस बाजूला सारतात, फरशीवर खडूनं नवकंकरी आखतात आणि विचारतात, "पयला डाव कोनाचा?" गिऱ्हाईक बिचारं सहज म्हणून जातं, "माझा." झालं! चाचांचा चेहरा खिसा कापला गेल्यासारखा होतो.

नवकंकरी म्हणजे एकात एक तीन चौकोन आणि दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या. तीन एका रेघेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. चाचांकडे एका बाजूला कापसाच्या सरक्या, दुसऱ्या बाजूला चिंचोके. पोरासोरांचा खेळ, असं मीही समजत होतो. पण माझं स्पेअर पार्टचं दुकान समोरच आहे, त्यामुळे गैरसमज फार दिवस टिकला नाही. "पयला बसनारा चौफुली धरून बसतो," चाचा चार रेघा मिळतात त्या जागेवर बोट ठेवून सांगत. "मंग दुसऱ्यानं काय निस्त्या गोवऱ्या थापाव्या का? ह्ये बराबर न्हाई!"

हे बराबर करण्यापायी त्यांनी काय काय केलं! पहिल्याला एक सोंगटी कमी दिली. पहिला सारखा हरू लागला. चौफुलीवर बसायला बंदी घातली. लोकांनी दुसरी मोक्याची जागा शोधली. चाची म्हणायच्या, "येवढं डोकं गादीत घातलं असतं, तर गादी तरी मऊ झाली असती."

शेवटी तोडगा चाचींच्याच स्वयंपाकघरात सापडला. दोन नाती गुळाच्या खड्यावरून भांडत होत्या. चाची म्हणाल्या, "एकीनं फोडायचा, दुसरीनं आधी उचलायचा." चाचा जेवणावरून उठून उष्ट्या हातानं माझ्याकडे धावत आले. नवा कायदा असा: पहिल्यानं एक चिंचोका मांडायचा. तो पाहून दुसऱ्यानं ठरवायचं, चिंचोके आपले की सरक्या! फार चांगल्या जागी मांडला तर समोरचा चिंचोकेच घेणार, फार वाईट जागी मांडला तर ते आपल्याच गळ्यात पडणार.

आता गिऱ्हाइकं पहिला चिंचोका हातात धरून घाम पुसत बसतात. मी मात्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, हा कायदा आमच्या गल्लीत झालाय. अभिमान वाटतो, त्यात लाजायचं काय?

हा ध्यास कशापायी, ते मला चाचींकडून कळलं. चाचांचा धाकटा भाऊ इस्माईल जवळच्या हट्टा गावी असतो. वडिलांच्या मागं वाटणी झाली, तेव्हा थोरल्यानं आधी उचलायचं या रिवाजानं चाचांनी रस्त्यावरचं हे दुकान घेतलं. इस्माईल एवढंच म्हणाला, "पयला डाव कायम तुमचाच, भाईजान." लहानपणापासून रोज खेळणारे हे दोघे त्यानंतर पटावर कधी बसले नाहीत. इस्माईल ईदला यायचा, शिरखुर्मा घ्यायचा आणि निघून जायचा.

गेल्या हिवाळ्यात तो लेकीच्या लग्नाची गादी सांगायला आला. आजवर त्याच्या घरच्या गाद्या परभणीहून येत. "ऐकलं, तुमी पयल्या डावाचा इन्साफ केला म्हने," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

चाचांनी खडू घेऊन पट आखला. मी दुकान तसंच सोडून धावलो. चाचांनी चिंचोका घेतला आणि सरळ चौफुलीवर ठेवला. मी कपाळावर हात मारला. ज्यानं कायदा केला, त्यानंच अशी चूक करावी? मग मी चाचांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, ती चूक नव्हती.

"घे," चाचा म्हणाले. "चिंचोके तुझे."

इस्माईलनं चौफुलीवरचा चिंचोका पाहिला. मग त्यानं मांडी घातली आणि सरक्यांची वाटी स्वतःकडे ओढली. "ऱ्हाऊ द्या, भाईजान. तुमचेच."

खेळ सुरू झाला, पण चाचांना फरशीवरच्या रेघा दिसेनात. डोळे भरून वाहत होते. त्यांची पाळी आली, तेव्हा इस्माईलनंच त्यांचा चिंचोका उचलून मांडला. आणि मांडला तोही चाचांच्या फायद्याच्या जागी.