सबनीस डॉक्टरांचा अमेरिकन वॉर्ड

रोज संध्याकाळी सहाला डॉ. सबनीस टाय बांधून टीव्हीसमोर बसतात आणि अमेरिकेला तपासतात.

इथे इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलातून ते फिजिशियन म्हणून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, गेल्यावर त्यांनी वरची खोली भाड्याने दिली आणि तिथे मी राहायला आलो. पेशंट सुटले तरी राउंडची सवय सुटली नव्हती, म्हणून त्यांनी सबंध अमेरिकाच ॲडमिट करून घेतली. राष्ट्राध्यक्ष म्हणजे बेड नंबर एक, अर्थमंत्री बेड दोन, मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेड तीन. नाव कोणाचंही घ्यायचं नाही. "पेशंटची माहिती कॉन्फिडेन्शियल असते," असं म्हणतात आणि मग शेजारच्या मिसेस टर्नरना भिंतीपलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात बेड एकची प्रकृती सांगतात.

मी अहमदपूरचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी मला आपला 'हाउसमन', म्हणजे हाताखालचा शिकाऊ डॉक्टर, नेमलं तेव्हा मला अभिमानच वाटला. मी इंजिनिअर आहे, हे एकदा सांगून पाहिलं.

"असू दे. चुका दोघंही करतात. लिहून घे."

मी लिहून घेऊ लागलो. माझ्याकडे अजून ती वही आहे. त्यात एका पानावर आहे: "शेजाऱ्याला सर्दी व्हावी म्हणून आपण ओल्या कपड्यांत बसणं, याला आयातकर म्हणतात." दुसऱ्या पानावर: "सोमवारी लावला, बुधवारी काढला, शुक्रवारी परत लावला. हे औषध नव्हे, खाज."

बातम्या ते दोन चॅनेलवर बघतात, पाच-पाच मिनिटं आलटून पालटून. "हे सगळे नातेवाईक," ते निवेदकांकडे बोट दाखवतात. "इकडचे म्हणतात पेशंट गेला. तिकडचे म्हणतात पेशंट उद्या लग्नात नाचणार. दोघंही कॉरिडॉरमध्ये ओरडतायत. टेंपरेचर कोणी घेतलंय का? विचार त्यांना." मी विचारायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

एकदा इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनाला स्टॅनमोरहून एक पाहुणे आले होते. बँकेतले, चांगले हुशार. मसालेभाताच्या रांगेत ते डॉक्टरांच्या पुढे उभे राहिले, ही त्यांची चूक.

"काका, टेन्शन नका घेऊ. मार्केटने सगळं ऑलरेडी भावात धरलंय."

"म्हणजे पेशंट जाणार हे घरच्यांनी गृहीत धरलंय, म्हणून डॉक्टरने घरी जायचं?"

"तसं नाही हो काका..."

"मग कसं? तुम्ही त्या बेड दोनची जीभ पाहिलीत?"

पाहुणे मसालेभात न घेताच कोशिंबिरीकडे निघून गेले. डॉक्टर अमेरिकेला एकदाही गेलेले नाहीत. कोणी कारण विचारलं तर म्हणतात, "गेलो तर हात लावावासा वाटेल."

मला या सगळ्याची मजा वाटायची. मग एक दिवस अमेरिका माझ्या टेबलावर आली.

माझी कंपनी अमेरिकन आहे. इथे आम्ही पंपांचे भाग बनवतो आणि ते तिकडे जातात. नवा कर लागला, ऑर्डरी थांबल्या आणि आमच्या टीममधल्या सहाजणांना पत्रं आली: तुमची नोकरी धोक्यात आहे, तीन आठवड्यांनी मंगळवारी अकरा वाजता निर्णय सांगू. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. ती गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची. 'माझा मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे,' असं वडिलांनी सगळ्या डेपोला सांगितलेलं. घरी मी काही कळवलं नाही.

डॉक्टरांना मात्र सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. "हं," म्हणाले. "चल, बेड तीन बघू."

मला वाईट वाटलं. इतका बोलणारा माणूस, माझ्यासाठी एक वाक्य निघू नये? पण त्या दिवसापासून आयातकराची बातमी लागली की ते गप्प व्हायचे. माझ्या वहीत ते तीन आठवडे जवळजवळ कोरे आहेत.

मंगळवार आला. अकराला मला आत बोलावलं. मॅनेजर बोलत होते, मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग कळलं: दोघं जाणार, चौघं राहणार, आणि मी राहणाऱ्यांत होतो. मी इतक्या वेळा थँक यू म्हणालो की एचआरच्या बाईंनी शेवटी मला पाण्याचा ग्लास दिला. उरलेला दिवस सुट्टी मिळाली. बाहेर आलो तर तीन आठवड्यांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

समोरच्या कॅफेत शिरलो. खिडकीपाशी डॉ. सबनीस बसले होते. टाय बांधलेला. पुढे चहाचे चार रिकामे कप.

"तुम्ही इथे?"

"लायब्ररीत आलो होतो."

"लायब्ररी मंगळवारी बंद असते, डॉक्टर."

"म्हणूनच इथे बसलो. बोल."

"राहिलो."

त्यांनी चष्मा काढला आणि टायच्या टोकाने बराच वेळ पुसला. "खाऊन घे काहीतरी," एवढंच म्हणाले.

घरी जाताना बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो. मी वडिलांना फोन लावला.

"काय रे, आज या वेळेला? बरा आहेस ना?"

सांगायचं खूप होतं. पण नोकरी धोक्यात होती हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तर वाचली हे कसं सांगणार?

"काही नाही, अण्णा. सहज केला."

फोन ठेवला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"आम्हाला इथे नवीन असताना सहा-सहा महिन्यांची पोस्ट मिळायची," ते म्हणाले. "एकदा पुढची मिळाली नाही. नोकरी हॉस्पिटलची, राहायची खोलीही हॉस्पिटलची. दोन्ही जाणार. तेव्हा शहराला वळसा घालणारी बस होती. तिच्यात बसून दोन फेऱ्या मारल्या. घरी गेलो तर सुमनने विचारलं, उशीर का? म्हटलं, काही नाही, सहज. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे लागलो."

"मग काकूंना कधी सांगितलंत?"

"राहिलंच," ते म्हणाले. "आज वाटलं, नोकरी गेली तर हा पोरगाही असाच फिरत बसेल. म्हणून आलो."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझे वडील कुठल्या गाड्या दुरुस्त करतात रे? सांग जरा."

मी सांगू लागलो. आमचा स्टॉप आला. डॉक्टरांनी उतरायची बेल दाबली नाही. मीही दाबली नाही.