तात्यांनी निवडलेली मशीन

आमचे शेजारी तात्या कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती एका हातात धरतात, हात समोर लांब करतात आणि शंभर मोजतात. कलिंगड असो, छत्री असो, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. कंधारच्या बाजारात एकदा त्यांनी एकाच पायाची चप्पल अशी धरली, तेव्हा चपलवाला मधेच जाऊन चहा पिऊन आला.

"पहिल्या धाच्या आत सगळंच हलकं लागतंय, गुरुजी," ते मला सांगतात. मी गावातल्या शाळेत शिक्षक, म्हणून गुरुजी. "खरी वस्तू सत्तरच्या पुढं बोलती."

कुणी कंटाळून 'आटपा' म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घाई कुणाला हाय?" एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी हेच विचारलं होतं. एसटी त्यांना सोडून गेली.

अशा माणसाबरोबर मी लाकूड कापायची मशीन घ्यायला नांदेडला गेलो.

मशीन तात्यांना स्वतःसाठी नको होती. त्यांची सून शोभा, तिच्यासाठी होती. तात्यांचा एकुलता एक मुलगा सुरेश सरपणाचं काम करायचा. बांधावर वाळून पडलेल्या बाभळी कापायच्या, तुकडे करून लग्नाच्या आचाऱ्यांना आणि हॉटेलवाल्यांना पोचवायचे. दोन वर्षांपूर्वी कुणाची तरी जुनी मशीन मागून आणून तो मागच्या शेतात काम करत होता. पट्टीचं टोक फांदीला लागलं आणि मशीन उसळून मानेवर आली. शेतात दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर शोभानं कुऱ्हाड घेतली. आचारी ओळखीचे होते, सरपण त्यांना लागतच होतं. पण दोन वर्षांत तिचा उजवा खांदा धरला, वेणी घालायला हात वर जाईना. मग नांदेडला मशीन चालवायचं तीन दिवसांचं प्रशिक्षण असल्याचं तिला कळलं. अट एकच, मशीन ज्याची त्यानं आणायची. तिनं घरात हे सांगितलं आणि तात्या चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या दारात आले.

"गुरुजी, नांदेडला कधी निघायचं?"

पहिल्या दुकानदारानं भली लांब पट्टीची मशीन काढली. "ही न्या काका. चिंच आडवी करते."

"आमाला चिंच पाडायची न्हाई. पडलेल्या बाभळीचं जळण करायचं हाय." तात्यांनी ती बरोबर आलेल्या शोभाच्या हातात दिली आणि डोळे मिटून मोजायला लागले. तिसाला तिचा हात थरथरला. तात्या डोळे न उघडताच म्हणाले, "चला."

दुसऱ्या दुकानात बॅटरीची मशीन होती, आवाज कमी, वजनही बेताचं. "अन् चार्जिंग?" तात्यांनी विचारलं. "आमच्या गावात लाईट पाहुण्यासारखी येती. चहा व्हायच्या आत जाती."

तिसऱ्या दुकानात आखूड पट्टीची, पेट्रोलवरची लहान मशीन होती. शोभानं डावा हात लांब केला. तात्या मोठ्यानं मोजत होते. पन्नासानंतर फवारणीचा पंप घ्यायला आलेले दोघं त्यांच्या सुरात सूर मिसळून मोजू लागले, ऐंशीनंतर दुकानदारही. शंभर झाले तेव्हा पंपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि शोभा कितीतरी दिवसांनी हसली.

मग तात्यांनी ब्रेक विचारला. हँडलच्या पुढं एक आडवा दांडा असतो. मशीन उसळून मागे आली की तो मनगटाला लागून पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. दुकानदारानं मशीन सुरू करून दाखवली. साखळी थांबली.

"परत."

परत थांबली.

"परत."

सातव्या वेळेला दुकानदार वैतागला. "काका, किती वेळा? थांबून राहिली न ती!"

"आमच्या सुरेशच्या मशीनीला ह्यो दांडाच नव्हता," तात्या म्हणाले. "तुटलेला व्हता."

दुकानदारानं मशीन उचलली आणि न सांगता आणखी तीनदा ब्रेक लावून दाखवला.

प्रशिक्षणाला बाईमाणूस शोभा एकटीच. तात्या तिन्ही दिवस फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून होते. मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. धोक्याचं प्रत्येक पान दोनदा. संध्याकाळी शोभा बाहेर आली की तीच पानं तिला विचारायचे. तिला सगळं येत असायचं. तरी ते म्हणायचे, "नीट ध्यानात ठेव. न्हाईतर मशीन वापस देऊन येतो."

गावात तिनं पहिली बाभूळ कापायला घेतली, ती आमच्या घरांमागच्याच शेतात. टोपी, गॉगल, जाड पॅन्ट, सगळं घालून गेली. तात्या ओट्यावर शेंगा फोडत बसले. मी शेजारी होतो. मशीनचा कर्कश आवाज सुरू झाला. मला वाटलं, आता हे उठून आत जातील. पण ते निवांत होते, शेंगा फोडत होते.

आवाज थांबला. तात्यांच्या मांडीवरचं ताट खाली पडलं. ते अनवाणी रस्त्यावर गेले. आवाज पुन्हा सुरू झाला तसे परत येऊन बसले. दुसऱ्यांदा थांबला, पुन्हा उठले. तिसऱ्यांदाही तेच.

"तात्या, लाकूड सरकवायला बंद करत असेल ती," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी सांडलेल्या शेंगा वेचल्या. "त्या दिवशीबी अशीच बंद झाली व्हती, गुरुजी. मी हितंच बसलेलो. म्हणलं, पोरगं पाणी प्यायला बसलं आसंल. तासभर बसून राहिलो मी."

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही, शोभाला तर नाहीच. पण दुपारी भाकरी खायला आली तेव्हा तिनं रस्त्यावरच्या धुळीत अनवाणी पावलं बघितली असावीत. ओट्यापासून शेताच्या वाटेपर्यंत, आणि परत.

त्यानंतर ती मशीन बंद करते तेव्हा दर वेळी शेतातून मोठ्यानं हाक येते, "मामा, हाय मी!"

तात्या कधी ओ देत नाहीत. हातातली शेंग फोडतात, दाणे ताटात टाकतात आणि दुसरी घेतात.