मेश्रामभाऊंची मॅडम

मेश्रामभाऊंनी आमच्याकडे पुरा चहा कधी प्यायला नाही. उभ्याउभ्याच दोन घोट झाले की कपबशी खाली. "पाहून येतो एकडाव!" आणि गडी शेजारच्या आपल्या क्वार्टरात पसार.

पाहायचं काय, तर गिनीपिग. कारखान्यावरून मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरच्या बायकोनं जोडी दिली होती. सशाएवढे नाहीत, उंदराएवढे नाहीत, शेपूट तर नाहीच. भाऊंनी नावं ठेवली साहेब आणि मॅडम.

भाऊ कारखान्याच्या बांधकामावर रिगर. लोखंडी तुळया वर चढवायचं काम. शंभर फुटांवर हा माणूस बिनघोर चालायचा. घरी मात्र जिवाला थारा नाही. सकाळी "जयभीम, वैनी" म्हणत हिरवं गवत शोधायला निघायचे. दात वाढतात म्हणून कुरतडायला पेरूची फांदी. आठवड्याला वाण्याच्या तराजूत दोघांचं वजन. वाणी कुरकुरला, तर म्हणाले, "वजन उतरलं म्हणजे बिमारी आली. तुले सांगून येते का ते?" उन्हाळ्यात पेटीवर ओलं पोतं. ते पोतं सुकलं तर नाही ना, म्हणून पुन्हा "पाहून येतो!"

एका मे महिन्यात मॅडमनं खाणं सोडलं. ज्यांनी कधी नागा केला नाही, त्या भाऊंनी तीन दिवस ड्यूटी सोडली. मी डोकावले तर मांडीवर मॅडम, हातात शाईचा ड्रॉपर. कुटलेल्या कोथिंबिरीचं पाणी थेंब थेंब पाजणं चाललं होतं.

मी हसून म्हटलं, "भाऊ, एवढ्याशा जिवापायी बिनपगारी?"

"मले पाहू द्या, वैनी." मान वर न करता ते म्हणाले, "गावाकडे माही पोरगी तापानं गेली. चार वर्षांची. चिठ्ठी आठ दिवसांनी भेटली. आठ दिवस मी वर नट आवळून राहिलो होतो, अन् ती गेलेली होती."

 भाऊ इथं एकटेच; बायको गावाहून का येत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ धावत आले. "खाल्लं! मॅडमनं आपल्या तोंडानं खाल्लं!" मग दारातच घुटमळले. "वैनी, गावाकडे एक चिठ्ठी लिहून द्याल? मले लिहिता नाही येत."

मी कागद घेतला. ते या पायावरून त्या पायावर होत सांगू लागले. "लिहा, मॅडम बरी झाली. लिहा, क्वार्टरले नळ आहे, दवाखाना जवळ आहे." मग आपल्या क्वार्टराकडे एकदा पाहिलं. "लिहा, मी आता घरचं पाहतो सगळं. तू ये."

पत्त्यासाठी मी बायकोचं नाव विचारलं.

"सुभद्रा," ते म्हणाले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या ओसरीवर खाली बसले.